लेखणी आणि चरितार्थ

निबंधाला चांगले गुण मिळाले, एखादी कविता छापून आली, म्हणजे विद्यार्थ्याच्या मनांत एक इच्छा हळूच डोकें वर काढिते : आपण लेखक व्हावें. ती इच्छा तो घरीं बोलून दाखवितो तेव्हां वडील विचारतात, "लिहून पोट भरतें काय?" आई कांहीं बोलत नाहीं, पण तिच्या मुद्रेवर तोच प्रश्न असतो. हा प्रश्न काळजीचा आहे, म्हणून त्याला नीट उत्तर दिलें पाहिजे. वाङ्मयाच्या थोरवीचें वर्णन करून तें उत्तर होत नाहीं. कारण घरभाडें, किराणा आणि धाकट्या भावंडांची फी थोरवीनें भागत नाहीं. जमाखर्चाच्या प्रश्नाला जमाखर्चाचेंच उत्तर हवें, आणि तें देण्याचा आम्ही येथें प्रयत्न करणार आहों.

प्रथम शब्दाचा अर्थ ठरवूं. जो लेखक कोणा एका मालकाचा पगारी नोकर नसतो, निरनिराळ्या संपादकांना, प्रकाशकांना व संस्थांना कामागणिक लेखन देतो आणि कामागणिक मोबदला घेतो, तो स्वतंत्र लेखक. इंग्रजींत त्याला 'फ्रीलान्स' म्हणतात, आणि वॉल्टर स्कॉटच्या 'आयव्हॅन्हो' या कादंबरींत (१८१९) हा शब्द भाडोत्री भालाईत स्वारांसाठीं आलेला आहे. आपल्याकडे मराठ्यांच्या फौजेंतही बारगीर आणि शिलेदार असे दोन प्रकारचे स्वार असत. बारगिराला घोडा सरकारांतून मिळे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचें हत्यार घेऊन चाकरीस येई. स्वतंत्र लेखक हा शिलेदार होय. त्याला मान आहे, मोकळीक आहे. पण घोड्याची दाणावैरण त्याची त्यालाच पाहावी लागते.

आतां टिकाऊ उत्पन्न कशाला म्हणावें? एखाद्या वर्षीं एका पुस्तकाचे पुष्कळ पैसे मिळाले, एवढ्यानें उत्पन्न टिकाऊ ठरत नाहीं. एक संपादक बदलला, एक मासिक बंद पडलें, अथवा लेखक स्वतः दोन महिने अंथरुणाला खिळला, तरी ज्याच्या घरची चूल पेटती राहते त्याचें उत्पन्न टिकाऊ. ही कसोटी वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढील सर्व विवेचन तिच्याच आधारें चालणार आहे.

या कसोटीला उतरलेल्या एका लेखिकेची हकीकत पाहूं. लुइझा मे ऑल्कट हें नांव आमच्या पुष्कळ विद्यार्थिनींना ठाऊक असेल. तिच्या 'लिट्ल विमेन' या पुस्तकाचा शान्ता शेळके यांनीं केलेला मराठी अनुवाद 'चौघीजणी' या नांवानें प्रसिद्ध आहे. त्यांतील चार बहिणींपैकीं लिहिण्याचा ध्यास घेतलेली ज्यो लेखिकेनें स्वतःवरूनच रंगविली आहे. लुइझाचा जन्म १८३२ मध्यें अमेरिकेंत पेन्सिल्व्हेनिया संस्थानांत झाला, आणि आयुष्य बहुतांशीं मॅसॅच्युसेट्समधील बॉस्टन व कॉन्कॉर्ड येथें गेलें. वडील ब्रॉन्सन ऑल्कट हे विचारवंत व शिक्षक होते. परंतु त्यांच्या शाळा टिकल्या नाहींत, आणि १८४३ मध्यें मित्रांसह मांडलेली आदर्श शेतवसाहत सुमारें सात महिन्यांतच मोडली. घरांत चार मुली, देणेकरी दाराशीं, आणि आई मिळेल तें काम करून संसार ओढीत होती.

आपण मिळवून घराचें ऋण फेडावें, हा निश्चय लुइझानें लहानपणींच केला. तिनें शिवणकाम केलें, मुलांना शिकविलें, आजाऱ्यांची सोबत केली. १८५१ मध्यें डेडम गांवीं ती एका घरीं कामाला राहिली. सात आठवडे राबल्यावर हातावर अवघे चार डॉलर पडले, आणि ते तिच्या घरच्या माणसांनीं परत धाडून दिले. दुसऱ्याच वर्षीं एका साप्ताहिकानें तिची एक गोष्ट छापून पांच डॉलर पाठविले. डिसेंबर १८५४ मध्यें 'फ्लॉवर फेबल्स' हें पहिलें पुस्तक निघालें. त्याचे तिला ३२ डॉलर मिळाले. रोजनिशींत ती वर्षाची मिळकत नीट टिपून ठेवी : शिवणाचे इतके, शिकवणीचे इतके, गोष्टींचे इतके. या टिपणांत एक गोष्ट स्पष्ट दिसते. लेखनाचा आंकडा आरंभीं शिवणाच्या आंकड्याहून मोठा नव्हता; परंतु तो वाढत होता, आणि तो वाढेपर्यंत तिनें सुई खालीं ठेविली नाहीं.

बॉस्टनमधील जेम्स फील्ड्स या मोठ्या प्रकाशकानें तिचें लेखन पाहून 'तुम्ही शिक्षकीच करा, लेखन तुम्हांला साधणार नाहीं' अशा आशयाचा सल्ला दिला आणि बालवर्ग काढण्यासाठीं ४० डॉलर उसने दिले. वर्ग चालला नाहीं. पुढें लेखनावर भरभराट झाल्यावर तिनें ते ४० डॉलर त्याला परत केले. मध्यंतरीं अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. १८६२ च्या डिसेंबरांत ती जॉर्जटाउन येथील लष्करी रुग्णालयांत परिचारिका म्हणून गेली, सुमारें सहा आठवड्यांत विषमज्वरानें आजारी पडून परतली, आणि त्या आजारानें तिची प्रकृति कायमची खचली. परंतु तेथून घरीं लिहिलेल्या पत्रांवरून तिनें 'हॉस्पिटल स्केचेस' हें पुस्तक (१८६३) तयार केलें, आणि वाचकांचें तिच्याकडे प्रथमच लक्ष गेलें. ज्या गोष्टी तिनें डोळ्यांनीं पाहिल्या होत्या त्या दुसऱ्या कोणाला लिहितां येण्याजोग्या नव्हत्या, हेंच त्या पुस्तकाचें बळ.

याच काळांत ती टोपणनांवानें व निनांवी अशा दोन्ही रीतींनीं साप्ताहिकांना थरारक गोष्टी पुरवीत असे. अशा एका गोष्टीला फ्रँक लेस्लीच्या सचित्र साप्ताहिकानें १०० डॉलरचें बक्षीस दिलें. या गोष्टींचा तिला फारसा अभिमान नव्हता. परंतु त्यांच्या पैशांनीं घरांत कोळसा आला, बहिणींना कपडे आले. पुढें 'मेरीज् म्यूझियम' या मुलांच्या मासिकाचें संपादन तिनें वर्षाला ५०० डॉलर घेऊन पत्करलें. म्हणजे १८६७-६८ च्या सुमारास तिच्या घरीं तीन वाटांनीं पैसा येत होता : संपादनाचा ठराविक, साप्ताहिकांचा कामागणिक, आणि पुस्तकांचा थोडाबहुत. एक वाट अडली असती तरी दुसऱ्या दोन चालू राहिल्या असत्या.

अशा स्थितींत रॉबर्ट्स ब्रदर्स या प्रकाशनसंस्थेच्या टॉमस नाइल्स यानें तिला मुलींसाठीं एक पुस्तक लिहिण्यास सांगितलें. तिला तें काम रुचलें नाहीं. तरी मे १८६८ मध्यें तिनें तें हातीं घेतलें, आपल्याच घरांतील चार बहिणींची हकीकत लिहिली, आणि जुलैच्या मध्यास हस्तलिखित पुरें केलें. पहिलीं प्रकरणें नाइल्सला नीरस वाटलीं, लेखिकेलाही वाटलीं; परंतु ज्या मुलींना तीं वाचावयास दिलीं त्या त्यांत रंगून गेल्या. नंतर मोबदल्याचा प्रश्न निघाला. नाइल्सनें हस्तलिखितासाठीं एकरकमी किंमत देऊं केली आणि त्याच वेळीं सल्ला दिला, कीं कॉपीराइट स्वतःजवळ ठेवणें तुमच्या हिताचें होईल. तिनें तो सल्ला मानला, आणि विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रतीवर शेंकडा सहा-सात प्रमाणें रॉयल्टी घेण्याचें ठरलें. ३० सप्टेंबर १८६८ रोजीं पुस्तक निघालें आणि पहिल्या आवृत्तीच्या २,००० प्रती बघतां बघतां संपल्या. एप्रिल १८६९ मध्यें दुसरा भाग आला. त्याच वर्षीं वडिलांच्या डोक्यावरचें सारें कर्ज फिटलें.

त्या वेळीं पैशाची नड तिला होतीच. एकरकमी किंमत पत्करली असती तर कांहीं महिन्यांची चिंता मिटली असती, आणि पुढील वीस वर्षांचें उत्पन्न प्रकाशकाच्या पेटींत गेलें असतें. हक्क स्वतःकडे राहिला म्हणून १८७७ मध्यें थोरल्या बहिणीस घर घेण्यास तिला हातभार लावितां आला, आणि धाकटीला चित्रकला शिकण्यास युरोपांत धाडितां आलें. इतकेंच नव्हे, तर तत्कालीन अमेरिकन कायद्याप्रमाणें २८ वर्षांनंतर हक्काचें नूतनीकरण स्वतः लेखक, त्याची विधवा अथवा मुलेंच करूं शकत. म्हणून अविवाहित लुइझानें मृत्यूच्या आदल्या वर्षीं, १८८७ मध्यें, आपल्या भाच्यास कायदेशीर दत्तक घेतलें. ६ मार्च १८८८ रोजीं ती वारली; पण तिच्या पुस्तकांचा हक्क घरांतच राहिला. चार डॉलरांसाठीं सात आठवडे राबलेल्या मुलीनें हा धडा आयुष्यभर विसरला नाहीं : मजुरी एकदांच मिळते, हक्क पुन्हां पुन्हां देतो.

यावरून एकरकमी विक्री सदैव वाईट, असें मात्र कोणी समजूं नये. एक काल्पनिक हिशेब करून पाहूं. २०० रुपये किंमतीच्या पुस्तकावर शेंकडा १० रॉयल्टी धरिली तर प्रत्येक प्रतीस २० रुपये होतात. प्रकाशक एकरकमी १५,००० देत असेल, तर ७५० प्रती विकल्या जाईपर्यंत रॉयल्टी त्या रकमेची बरोबरी करीत नाहीं. ५०० प्रतींवरच पुस्तक थांबलें तर लेखकाला १०,००० मिळून ५,००० चें नुकसान होतें. २,००० प्रती गेल्या तर ४०,००० मिळून २५,००० चा लाभ होतो. तेव्हां प्रश्न असा विचारावा : हें लेखन वर्षां-दोन वर्षांत शिळें होणारें आहे, कीं पुष्कळ वर्षें वाचलें जाणारें आहे? जाहिरातीचा मजकूर, वार्षिक अहवाल, प्रसंगोपात्त पत्रक यांचा एकरकमी मोबदला घेऊन मोकळें व्हावें. कथा, कादंबरी, मुलांचें पुस्तक, चांगला अनुवाद यांचा हक्क शक्य तोंवर सोडूं नये.

दुसरें उदाहरण याच्या उलट बाजूचें आहे. अँथनी ट्रॉलप हा इंग्रज कादंबरीकार (१८१५-१८८२) पुस्तकांसाठीं एकरकमी किंमत घेणेंच बहुधा पसंत करी. त्याला तें परवडलें, कारण तो पोस्टखात्यांत नोकर होता आणि त्याचें लेखन घड्याळाच्या कांट्यावर चाले. पहिल्या दोन कादंबऱ्यांनीं त्याला आरंभीं एक पेनीही दिली नाहीं. तिसरीचे २० पौंड आले. 'द वॉर्डन' या चौथ्या पुस्तकाचा (१८५५) पहिला हिशेब आला तो ९ पौंड, ८ शिलिंग, ८ पेन्सचा. तरी त्यानें लिहिणें सोडलें नाहीं. पहाटे साडेपांचला मेजाशीं बसून तो तीन तास लिही. पहिला अर्धा तास आदल्या दिवशींचें लेखन वाचण्यांत जाई; नंतर घड्याळ समोर ठेवून दर पंधरा मिनिटांस २५० शब्द. रोज किती पानें झालीं याची तो नोंद ठेवी, आणि आळस झाला तर तो आंकडाच त्याला लाजवी. वेळेवर उठविणाऱ्या म्हाताऱ्या नोकराला तो या कामाबद्दल वर्षाला पांच पौंड निराळे देई, आणि आपल्या यशाचें श्रेय त्याला इतर कोणाहून अधिक आहे असें म्हणे. मृत्यूनंतर १८८३ मध्यें छापलेल्या आत्मचरित्रांत त्यानें प्रत्येक पुस्तकाची कमाई मांडली आहे. तिची बेरीज ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स येते.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. ट्रॉलपनें नोकरी सोडली ती १८६७ मध्यें, ३३ वर्षांच्या चाकरीनंतर. साठाव्या वर्षापर्यंत राहिलों असतों तर जें पेन्शन मिळालें असतें, तेवढें उत्पन्न लेखनाच्या शिलकीवरील व्याजांतून येऊं लागल्यावरच नोकरी सोडावयाची, असें त्यानें आधींच ठरविलें होतें. तेवढी शिल्लक जमली, आणि मगच त्यानें राजीनामा दिला. धाडस म्हणावें तर हेंच. मात्र त्याच्या पायाखालीं वीस वर्षांचा बांध होता.

हाच क्रम मराठींतही दिसतो. हरि नारायण आपट्यांनीं १८९० मध्यें 'करमणूक' पत्र काढून त्यांतून कादंबऱ्या क्रमशः दिल्या. त्याच वेळीं पुण्याच्या आनंदाश्रम संस्थेची व्यवस्था त्यांच्याकडे होती. वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत कोंकणांत शिरोडें येथें शाळेंत शिक्षक होते. त्यांच्या आरंभींच्या कादंबऱ्या त्याच काळांतील. १९३६ च्या 'छाया' या चित्रपटाची कथा लिहून त्यांनीं चित्रपटलेखनाची वाटही धरिली होती, आणि त्यानंतरच शाळा सोडून ते कोल्हापुरास गेले. एक पाय भक्कम जमिनीवर ठेवून दुसरा उचलावा, हीच यांतील रीत होय.

मराठी लेखकाच्या उत्पन्नाला एक ऋतुमानही आहे. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनीं १९०९ मध्यें 'मनोरंजन' मासिकाचा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हांपासून दिवाळी अंक हा आपल्या भाषेचा वार्षिक उत्सव झाला आहे. दिवाळीचें साहित्य पावसाळ्यांतच लिहून द्यावें लागतें. मानधन येतें तें पुष्कळदां अंक निघाल्यावर, कधीं त्याहूनही उशिरां. म्हणजे आषाढांत केलेल्या कष्टाचा पैसा मार्गशीर्षांत हातीं पडतो. शेतकरी जसा एका पिकावर विसंबत नाहीं, खरीपाबरोबर रब्बीचा आणि गोठ्यांतील दुधाचाही विचार करितो, तसाच विचार लेखकानें केला पाहिजे. अनुवाद, मुद्रितशोधन, संपादनसाहाय्य, नभोवाणी व दूरचित्रवाणीसाठीं संहिता, संस्थांचे अहवाल, शैक्षणिक साहित्य हीं बारमाही कामें. कथा-कादंबरी हें मोठें पीक. तें पिकेपर्यंत घर या दुधावर चालतें.

आतां कायदा. प्रत्येक होतकरू लेखकाला तो निदान स्थूलमानानें ठाऊक असावा. आपल्या देशांत १९५७ चा कॉपीराइट कायदा लागू आहे. लेखन कागदावर उतरलें कीं हक्क आपोआप उत्पन्न होतो. त्यासाठीं नोंदणी सक्तीची नाहीं. नोकरीच्या करारांत राहून केलेल्या लेखनाचा हक्क सामान्यतः मालकाचा असतो. परंतु स्वतंत्र लेखकाच्या लेखनाचा पहिला हक्कदार तो स्वतः. हा हक्क लेखकाच्या हयातींत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षें टिकतो. तो दुसऱ्यास द्यावयाचा तर लेखी व सहीनिशीं द्यावा लागतो. केवळ तोंडी बोलण्यानें तो हस्तांतरित होत नाहीं. करारांत मुदत लिहिली नसेल तर ती पांच वर्षांची समजली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरताच दिला असें धरितात. आणि घेणाऱ्यानें वर्षभरांत त्या हक्काचा उपयोगच केला नाहीं, तर करारांत निराळें ठरलेलें नसल्यास तो हक्क लेखकाकडे परत येतो. म्हणून कागदावर सही करण्यापूर्वीं चार गोष्टी शोधाव्या : कोणता हक्क, किती काळ, कोणत्या प्रदेशासाठीं, आणि किती मोबदल्यांत. मासिकाला कथा देतांना एकदां छापण्याची परवानगी देणें निराळें, आणि कथेचा संपूर्ण हक्क देणें निराळें. 'सर्व हक्क कायमचे' हे तीन शब्द वाचले कीं लेखणी थांबवावी आणि घरांतील वडील माणसाला अथवा वकिलाला विचारावें.

कायद्यानंतर वही. आमच्या मतें स्वतंत्र लेखकाचें दुसरें हत्यार म्हणजे जमाखर्चाची वही होय. तींत कामाचें नांव, देणाऱ्याचें नांव, ठरलेली रक्कम, मजकूर दिल्याची तारीख, बिल पाठविल्याची तारीख आणि पैसे आल्याची तारीख अशीं सहा घरें आंखावीं. यामुळें दोन गोष्टी कळतात. पहिली, येणें कोणाकडे किती दिवस थकलें आहे. अशा ठिकाणीं महिन्यानें विनयपूर्वक आठवण द्यावी, आणि जुनें येणें वसूल झाल्यावांचून नवें काम देऊं नये. दुसरी, आपल्या तासाची खरी किंमत. २,००० रुपयांचा लेख लिहिण्यास वाचन, चौकशी, लेखन व दुरुस्ती धरून वीस तास लागले, तर तासाचे १०० रुपये झाले. १,५०० रुपयांच्या अनुवादास दहाच तास लागले, तर तासाचे १५० झाले. दिसायला मोठी रक्कम नेहमीं मोठी असतेच असें नाहीं. मोबदला देणाऱ्या संस्था पुष्कळदां आयकर आधींच कापून घेतात व त्याची नोंद लेखकाच्या पॅन क्रमांकावर होते. वर्षाअखेर विवरणपत्र भरल्यास जास्त कापलेला कर परत मिळतो. ज्याची वही नाहीं त्याला हेंही कळत नाहीं.

तिसरी गोष्ट शिल्लक. पगारदाराला आजारपणाची रजा असते. लेखकाला ती स्वतःच स्वतःला द्यावी लागते. निदान सहा महिन्यांचा घरखर्च बाजूस पडेपर्यंत चांगल्या महिन्याची कमाई ही चांगल्या महिन्याची समजूं नये. ती पुढील वाईट महिन्याची आगाऊ आलेली समजावी. आणि कोणत्याही एका ठिकाणाहून आपल्या मिळकतीचा अर्ध्याहून अधिक भाग येऊं लागला, तर ती आनंदाची बातमी असली तरी सावधगिरीचीही सूचना आहे.

आज एक नवी अडचण उभी आहे. संगणकाला विषय सांगितला असतां तो क्षणांत मजकूर जुळवून देतो, आणि साध्या, ठराविक छापाच्या लेखनाची किंमत त्यामुळें घसरणीस लागली आहे. यावर उपाय ऑल्कटच्या रुग्णालयांतील पत्रांतच सांपडतो. जो स्वतः बाजारांत गेला, ज्यानें विणकराशीं दोन तास बोलून मागाचे भाग समजून घेतले, ज्यानें दस्तऐवज पाहून आंकडा पडताळला, त्याच्या लेखाला यंत्र पर्याय होऊं शकत नाहीं; कारण तें तेथें गेलेलेंच नसतें. उसन्या मजकुरावर नांव घालणें तर सर्वस्वीं टाळावें. संपादकाचा विश्वास हें लेखकाचें भांडवल आहे, आणि तें एकदां बुडालें कीं कोणतीही पेढी तें पुन्हां भरून देत नाहीं.

पालकांस आमची विनंती एवढीच, कीं मुलाच्या या इच्छेला एकदम 'नको' म्हणूं नये, आणि डोळे मिटून 'हो'ही म्हणूं नये. त्याला मुदत द्यावी आणि त्याच्याकडून हिशेब मागावा. शिक्षण पुरें होऊं द्यावें, हातीं एखादें निश्चित काम असूं द्यावें, आणि लेखनाची मिळकत वर्षानुवर्षें कशी चढते तें वहींत पाहावें. ती चढली नाहीं तरी कांहीं बिघडत नाहीं. नीटनेटकें लिहितां येणारा मनुष्य कोणत्याही कचेरींत, दुकानांत अथवा शाळेंत उपयोगीच पडतो. पुष्कळ चांगले लेखक आयुष्यभर दुसऱ्या व्यवसायावर जगले, आणि त्यांच्या लेखनाची प्रतिष्ठा त्यामुळें रतिभरही उणी झाली नाहीं.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यासाठीं काम याहून सोपें आहे. येत्या सुटींत दोन वह्या घ्या. एकींत रोज ठरल्या वेळीं, घड्याळ समोर ठेवून, एक पान लिहा. विषय आपल्या गल्लींतील घ्या, परंतु प्रत्यक्ष पाहिलेला असूं द्या. दुसरींत किती वेळ लागला, किती पानें झालीं, कोठें पाठविलीं व काय उत्तर आलें तें टिपा. साभार परत आलेल्या लेखाचीही तारीख लिहा. ती लपवूं नका. सुटीच्या अखेरीस पहिली वही गुरुजींना दाखवा आणि दुसरी वडिलांना. लेखणीवर संसार चालेल कीं नाहीं, याचा निवाडा आम्हांला येथें बसून करितां येणार नाहीं. पण तुमच्या त्या दोन वह्या शेजारीं शेजारीं ठेवल्या, म्हणजे तो तुमच्या घरांतच होऊं लागेल.